घरापासून गडापर्यंत

नागपूरच्या माणसास रामटेकची वाट विचारावी लागत नाही. मुंजीनंतरचे देवदर्शन रामटेकला, लग्नानंतरचे रामटेकला, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की त्यास दाखवावयाचे स्थळ म्हणजेही रामटेकच. आगगाडी आहे, मोटार आहे, गडाच्या माथ्यापर्यंत सडक गेलेली आहे. सकाळी चहा घेऊन निघावे आणि दुपारच्या जेवणास घरी परतावे, इतके ते सोयीचे झाले आहे. आम्ही स्वतः वीस-पंचवीस वेळां तरी तेथे जाऊन आलो असू. विद्यार्थ्यांच्या सहली नेल्या, व्याह्यांना नेले, नातवंडांना नेले. परंतु घरातून निघून गडापर्यंत पायी असे आम्ही कधी गेलो नव्हतो, आणि खरे पाहता जावयाचे होते ते तसेच.

ही गोष्ट 1974 सालची. त्या वर्षी आम्ही मॅट्रिकला बसलो होतो. संस्कृताची आम्हांस धास्ती नव्हती. रूपावली पाठ होती आणि पाठशाळेतील शास्त्रीबोवांचा हात डोक्यावर होता. भीती होती ती गणिताची. आमच्या मातुःश्री आमच्या लहानपणीच निवर्तल्या. आमचे संगोपन केले ते आमच्या वहिनींनी. त्यांनी आम्हांस न विचारता रामरायास नवस बोलून टाकला की, भावजी पास झाले तर ते घरापासून गडापर्यंत चालत येतील. नवस वहिनींचा आणि पाय आमचे, असा तो विलक्षण करार होता. आम्ही पास झालो. गणितात गुण इतके काठावरचे होते की, त्यात रामरायाचा हात नव्हता असे आम्हांस छातीठोकपणे कधीच म्हणता आले नाही.

त्या कार्तिकात पायास लागले होते. पुढच्या कार्तिकात नोकरीचा शोध होता. त्यानंतर लग्न, मुले, सहामाहीचे पेपर, बंधूंचे आजारपण. प्रत्येक वर्षी कारण खरे होते आणि प्रत्येक वर्षी नवस तसाच राहिला. वहिनींनी कधी बोलून दाखविले नाही. मात्र त्रिपुरी पौर्णिमेस देवापुढे नेहमीच्या दिव्यांखेरीज एक पणती त्या निराळी लावीत. मुलांनी विचारले तर म्हणत, "ते व्याज आहे. मुद्दल भावजींकडे आहे, व्याज मी भरते." आम्ही हसून सोडून देत असू. दामदुपटीच्या न्यायाने व्याज मुद्दलापेक्षा वाढू नये असे आपले धर्मशास्त्र सांगते; येथे तर एका मुद्दलावर पन्नासाच्या घरात पणत्या जळून गेल्या.

गेल्या श्रावणात वहिनी न्हाणीघरात पडल्या. कमरेचे हाड मोडले. चौऱ्यायशी वर्षांचे वय. शस्त्रक्रिया झाली, परंतु अंथरूण सुटेना. एके संध्याकाळी आम्ही जवळ बसलो असता त्या म्हणाल्या, "यंदा पणती कोण लावणार, भावजी?" त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. नुसती व्यवस्थेची विचारणा होती. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

कार्तिक शुद्ध चतुर्दशीस, म्हणजे वैकुंठ चतुर्दशीस, पहाटे चार वाजता आम्ही महालातील घरातून निघालो. सोबत वहिनींचे चिरंजीव, म्हणजे आमचे पुतणे, आणि त्यांची कॉलेजात शिकणारी कन्या. वहिनींनी अंथरुणावरूनच सुनांकरवी दशम्या, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे बांधून दिले. निघताना म्हणाल्या, "अनवाणी म्हणाले नव्हते मी. वहाणा घाला."

पहिल्या दिवसाचे वर्णन थोडक्यात आटोपतो. गांधी गेटातून बाहेर पडून इंदोऱ्यावरून कामठीची सडक धरली. तेथे आता खाली रस्ता, त्यावर पूल आणि पुलावर मेट्रो असा तीन मजली संसार आहे. चालणाऱ्यास आकाश दिसते ते फटीतून. कामठी ही इंग्रजांनी 1821 साली वसविलेली छावणी. अलीकडे तिची ख्याती 1999 साली उभ्या राहिलेल्या ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहारामुळे अधिक आहे. आम्ही त्याच्या बाहेरील सावलीत घटकाभर विसावलो. तिसरे प्रहरी कन्हान नदीचा पूल ओलांडला आणि पलीकडच्या गावी एका नातलगाकडे मुक्काम केला. वीस-एक किलोमीटर चालणे झाले होते. रात्री पाय कढत पाण्यात घालून बसलो तेव्हा पुतण्यांनी काळजीने पाहिले, पण बोलले काही नाही.

खरा प्रवास दुसऱ्या दिवसाचा.

पौर्णिमेस साडेचारलाच बाहेर पडलो. चंद्र पश्चिमेस कलला होता आणि सडकेवर आमच्या सावल्या पुढे पडत होत्या. थंडी बोचरी, पण चालणाऱ्यास हितकर. ही सडक म्हणजे नागपूरहून जबलपुराकडे जाणारा महामार्ग. मालवाहू गाड्या अशा वेगाने जातात की, त्यांच्या वाऱ्याने धोतराचा सोगा उडतो. आम्ही सडकेच्या कडेची मातीची पाऊलवाट धरली. उजाडू लागले तसे ध्यानात आले की, आपण एकटे नाही. पुढे एक दिंडी होती, मागे दुसरी. टाळ, एकतारी, डोक्यावर गाठोडी, हातात लहान भगवी निशाणे. बायाबापड्या झपाझप चालत होत्या. मोटारीत बसून इतक्या वेळां आम्ही या सडकेने गेलो, परंतु ही माणसे आम्हांस कधी दिसली नव्हती. दिसली असतील तर रस्त्यातील अडथळा म्हणून.

एका वृद्ध बाईंची आणि आमची चाल जुळली. त्या मौद्याकडील एका खेड्यातल्या, दरवर्षी येतात. पायात काही नव्हते. त्यांनी आमच्या नव्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिले आणि विचारले, "मास्तर हाव का?" आम्ही चकित होऊन होय म्हणालो. त्या म्हणाल्या, "मास्तर लोक पायाकडं पाहत चालतात. वर पाहून चाला, पाय आपोआप येतात." आम्ही चाळीस वर्षे दुसऱ्यांस शिकविले, परंतु चालावे कसे हे आम्हांस त्या दिवशी कोणी तरी शिकविले.

वर पाहून चालू लागलो तेव्हा मुलूख दिसू लागला. नागपूरच्या पश्चिमेस गेले की काळी जमीन, कापूस आणि संत्र्यांच्या बागा. पूर्वेस व ईशान्येस आले की हळूहळू धानाची बांधी सुरू होते. या दिवसांत धान कापणीस आलेले असते. कोठे कापून कडपे पसरलेले, कोठे अजून पिवळे सोने उभे. खाचरांच्या कडेला लहान तळी, त्यांत शिंगाड्यांचे वेल, आणि छातीभर पाण्यात उतरून शिंगाडे तोडणारे ढीवर. सडकेवर उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या विकावयास होत्या. उजव्या हातास डुमरी, आमडी अशी स्टेशने असलेला रामटेकचा लोहमार्ग. आठाच्या सुमारास एका टपरीवर थांबलो. यात्रेकरूंसाठी तर्रीपोह्यांची कढई चढली होती. पुतण्यांनी व नातीने ते खाल्ले; आम्ही दशमी सोडली. पौर्णिमेच्या दिवशी तर्री आम्हांस मानवेल की नाही याबद्दल शास्त्रापेक्षा पोटाचा सल्ला आम्ही अधिक मानला.

नातीने वाटेत विचारले, "आजोबा, रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, हे ठरले कसे?" चालताना शिकविण्याची ही आमची पहिलीच वेळ. आम्ही सांगितले की, मल्लिनाथासारखा थोर टीकाकार रामगिरी म्हणजे चित्रकूट असे म्हणतो. काही विद्वान सरगुजेकडील रामगडाकडे बोट दाखवितात. परंतु नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी रामटेकचा पक्ष ताम्रपटांच्या आधाराने मांडला. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांच्या घरी पडली. पती अकाली वारला, मुले लहान. राज्याचा भार तिने स्वतः वाहिला. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास मिळाला. तो रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिल्याचे त्यात म्हटले आहे. दुसरा पुण्यास सापडला. तो नंदिवर्धनाहून दिलेला. नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या दक्षिणेस काही मैलांवर असलेले आजचे नगरधन. तेथे अलीकडे झालेल्या उत्खननात प्रभावतीच्या नावाची मातीची मुद्राही हाती आली. राजधानीशेजारीच रामाच्या पाउलांचे पूजास्थान, आणि मेघदूतातही त्या डोंगराच्या उतारावर रघुपतीच्या पाउलांच्या खुणा. कालिदासाचा आश्रयदाता म्हणून परंपरा ज्या विक्रमादित्याचे नाव घेते, तो मिराशींच्या मते हाच चंद्रगुप्त. दुवा जुळतो तो असा.

"आणि पुण्याच्या ताम्रपटावर तिथी कोणती ठाऊक आहे?" आम्ही म्हणालो. "कार्तिक शुद्ध द्वादशी. प्रबोधिनीचा उपवास सोडून राणीने दान दिले. तेव्हा या पंधरवड्यात या परिसरात देवाचे काही देणे फेडावे, ही चाल सोळाशे वर्षांची तरी आहे."

पुतणे हसले. "मग काका, आपली पन्नास वर्षे त्यात फार नाहीत."

साडेबाराच्या सुमारास मनसरच्या अलीकडे आमच्या डाव्या टाचेने उचल खाल्ली. कॅनव्हासचे नवे बूट घालू नयेत हे घरात सर्वांनी सांगितले होते. बूट काढून पाहिले तो रुपयाएवढा फोड फुटून मोजा रक्ताने चिकटला होता. कसेबसे मनसरच्या चौकापर्यंत आलो आणि एका लिंबाखाली बसलो. येथे जबलपूरची सडक सरळ उत्तरेस जाते आणि रामटेकची उजवीकडे फुटते. गड तेथून सहा-सात किलोमीटर.

मनसर हे गाव आम्हांस नेहमीच अद्भुत वाटते. त्याच्या एका अंगास मँगनीजच्या खाणी. 1962 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी त्या चालविते, आणि तेथील मातीचा काळसर तांबडा रंग दुरूनही ओळखू येतो. दुसऱ्या अंगास तळे आणि हिडिंबा टेकडी. लोक तिला भीमाच्या हिडिंबेची टेकडी म्हणत आले. 1997 नंतर तेथे पुरातत्त्ववेत्त्यांनी खणावयास आरंभ केला तेव्हा टेकडीच्या पोटातून विटांचे भव्य देवालय निघाले. प्रभावतीचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने वसविलेले प्रवरपूर ते हेच, असे अनेक पंडितांचे मत झाले. कोणी तेथे बौद्ध नागार्जुनाचे स्थान पाहतात. येथीलच एक सुंदर शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे ज्या टेकडीवर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरली तिच्याखाली एक राजधानी मुकाट्याने पडून होती.

परंतु त्या क्षणी आम्हांस राजधानीपेक्षा टाच मोठी होती. पुतण्यांनी औषध लावून पट्टी बांधली आणि हलकेच म्हणाले, "काका, चाळीस किलोमीटरच्या वर चाललात. उरलेले रिक्षाने जाऊ. पायथ्याशी उतरून गड चढा." नात काही बोलली नाही. आम्ही उत्तर दिले नाही तेव्हा त्यांनी घरी दूरध्वनी लावला आणि तो वहिनींच्या कानाशी धरावयास सांगितले. मग यंत्र आमच्या हाती दिले.

वहिनींचा आवाज बारीक येत होता. "भावजी, फार लागले का? मग गाडीत बसा. नवस मी बोलले होते. आता मीच म्हणते, फिटला. देवाला मी सांगते."

आम्ही यंत्र परत दिले आणि बराच वेळ तसेच बसलो. धर्मशास्त्राचा विचार करू गेल्यास प्रश्न नाजूक होता. धनको देव, वहिनी जामीन, ऋणको आम्ही. जामिनास सूट देण्याचा अधिकार पोहोचतो काय? परंतु खरी अडचण शास्त्राची नव्हती. पन्नास वर्षे ज्या बाईने आम्हांस एकदाही तगादा लावला नाही, तिने आज मोडक्या कमरेने अंथरुणावरून आम्हांस माफी दिली होती. तिने "चला" म्हटले असते तर कदाचित आम्ही रिक्षात बसलोही असतो. तिने "बसा" म्हटले आणि आमच्याने बसवेना.

नात म्हणाली, "आजोबा, मघापासून एक विचारायचे आहे. यक्षाला बायकोची इतकी आठवण येत होती, तर तो चालत का गेला नाही?"

"त्याला शाप होता, बाळ. वर्षभर जाण्याची मनाई होती. त्याची सारी शक्ती काढून घेतलेली. त्याला जाता येत नव्हते, म्हणून त्याने ढगाला पाठविले."

हे बोलता बोलताच आमची जीभ अडखळली. तीस-बत्तीस वर्षे आम्ही ते काव्य शिकविले, यक्षाच्या विरहावर वर्गात गळा काढला. यक्षास जाता येत नव्हते. आम्हांस येत होते. आम्ही दर वर्षी एक पणती पाठविली, तीही दुसऱ्याच्या हातून.

आम्ही बूट पिशवीत टाकले, पुतण्यांच्या वहाणा मागून घेतल्या, आणि उजवीकडची सडक धरली. पुतण्यांनी आमचे बूट आपल्या पायांस होतात की काय हे पाहिले आणि शेवटी ते बिचारे अनवाणीच चालले. नवसाचा अनवाणीपणा असा आईच्या मुलाकडे गेला.

ते सहा-सात किलोमीटर आम्हांस तीन तास पुरले. गड समोर दिसत असतो. त्याचे पांढरे कळस उन्हात चमकत असतात. पण तो जवळ येत नाही. रामटेकचे पानमळे पूर्वीपासून नावाजलेले. त्यांची सावली दुरून पाहूनही बरे वाटले. सकाळच्या त्या वृद्ध बाई कोठे तरी मागे थांबल्या होत्या. त्या पुन्हा आम्हांस गाठून पुढे गेल्या. जाताना आमच्या वहाणांकडे पाहून त्यांनी पसंतीची मान हलविली.

गावातून आम्ही थेट अंबाळा तलावावर गेलो. चहूंकडे घाट आणि देवळे, मध्ये स्थिर पाणी. दिवेलागण झाली होती आणि बायकांनी सोडलेले दिवे पाण्यावर डुलत होते. पाय धुतले, थंड पाण्याने टाच अशी झोंबली की रामनाम आपोआप मुखातून निघाले. तेथून जुन्या पायऱ्या वर चढतात. मोटारीने येणाऱ्यांस त्यांचा परिचय नसतो. पायऱ्या रुंद आहेत, कोठे झिजलेल्या, कोठे कुणी उतारूंसाठी बांधलेले विसाव्याचे ओटे. दर वीस पायऱ्यांवर आम्ही बसत होतो, आणि दर वेळी कोणी तरी अनोळखी माणूस "चला बाबा, आलाच गड" म्हणून हात देत होता.

गडाच्या तटाची व देवळांची डागडुजी नागपूरकर भोसल्यांनी केली. पहिल्या रघूजींचे नाव त्यात मुख्य आहे. परंतु स्थान त्याहून फार प्राचीन. येथील केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटककालीन शिलालेख आहे आणि लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा. एका मंडपाखाली दगडाचा प्रचंड वराह उभा आहे. एकामागून एक दरवाजे ओलांडून आत गेले की प्रथम लागतो तो लक्ष्मण, आणि त्याच्या मागे राम. वहिनी नेहमी म्हणत, "धाकट्या भावाला भेटल्याशिवाय थोरल्याकडे जाता येत नाही, अशी ही एकच जागा." धाकट्या दिरास वाढविणाऱ्या बाईचे ते बोलणे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले.

गर्दी अफाट होती. रामरायापुढे आम्हांस उभे राहावयास मिळाले ते फार तर दहा-बारा पळे. काय मागावे हे चालताना ठरवून ठेवले होते, वहिनींच्या कमरेबद्दल मागावयाचे होते, परंतु समोर आल्यावर एवढेच तोंडातून निघाले की, "उशीर झाला." मागच्या माणसाने ढकलले आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर तटाशी येऊन उभे राहिलो. पूर्वेस खिंडसीच्या पाण्यावर चंद्र हातभर वर आला होता आणि पाण्यात रुपेरी पट्टा पडला होता. देवळावर त्रिपूर पेटला तेव्हा सारा गड एका आवाजाने गर्जला. नातीने पिशवीतून एक पणती काढली. वहिनींनी ती तिच्याजवळ गुपचूप दिली होती; मनसरला तिने ती काढली नाही, हे तिचे शहाणपण. वाऱ्याने दोनदा विझली. तिसऱ्यांदा पुतण्यांनी उपरण्याचा आडोसा धरला. लागली.

मेघदूतातील यक्षाचा शाप संपतो तो भगवान विष्णू शेषशय्येवरून उठतात तेव्हा, म्हणजे कार्तिकी एकादशीस. त्रिपुरीस येणारा यात्रेकरू चार दिवस उशिरा येतो. यक्ष तोपर्यंत आपल्या घरी पोहोचलेला असतो. गडावर कालिदासाचे स्मारक आहे. खाली गावात 1997 पासून त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे. तेथे आषाढात मेघदूताचे स्मरण व्हावे हे योग्यच. परंतु ज्यांचे काही फेडावयाचे राहिले असेल त्यांनी कार्तिकात यावे, असे आमचे मत झाले आहे. येणाऱ्यांस दोन सूचना: पल्ला पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे, तो दोन दिवसांत विभागावा, आणि पायताण जुने असावे.

परतताना गाडीनेच आलो. मध्यरात्र उलटली होती, तरी वहिनी जाग्या होत्या. आम्ही रामटेकची पाने आणली होती. सूनबाईंनी विडा खलबत्त्यात कुटून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने विचारले, "देवाजवळ काय मागितलेत?"

आम्ही सांगितले की, काही मागावयाचे राहिले.

"बरे झाले," वहिनी म्हणाल्या. "नाही तर पुन्हा नवस झाला असता." मग आमच्या पट्टी बांधलेल्या टाचेकडे त्यांचे लक्ष गेले, आणि त्यांनी सुनेस हळद-तेल कढवावयास सांगितले.